ईप्रॉम, व्होल्ट आणि 'ळ'

जुने बोर्ड दुरुस्त करणाऱ्याने चिप प्रोग्रॅमर घेताना किमतीआधी व्होल्टेज पाहावे, असे माझे मत. ईप्रॉम वाचायला बहुधा ५ व्होल्ट पुरतात. लिहायला मात्र मूळ २७१६ ला २५, २७१२८ ला २१ लागतात. टीएल८६६ टू प्लस १८ वरच थांबतो, म्हणून मी टी४८ घेतला. (२७०८ ला वाचतानाही तीन निरनिराळी व्होल्टेज लागतात. तिच्या वाटेला मी जात नाही!)

७४ मालिकेच्या चिप्सही तो तपासतो, पण सावकाश. बोर्डावर तापल्यावर दगा देणारी चिप इथे खुशाल पास होते.

खरी घाई वाचण्याची. ईप्रॉममधला मजकूर म्हणजे साठवलेला विद्युतभार. तो वर्षानुवर्षे झिरपतो, काचेवरचा कागद निघाला तर उन्हानेही जातो. १९८४ च्या 'क्लास' योजनेतून आपल्या देशातल्या शाळांत बीबीसी मायक्रो संगणक आले. तसल्या एका बोर्डावर मला पेनाने 'मराठी' लिहिलेली २७१२८ सापडली. कंपनीचा रॉम पुन्हा कुठेही मिळेल. ही मिटली तर संपलेच. पाय पुसून दोनदा वाचली, फायली जुळल्या. आत देवनागरी अक्षरे, प्रत्येकी आठ बाय आठ ठिपक्यांची. 'ळ' बसवताना कुणीतरी बरीच खटपट केलेली दिसते. नाव मात्र कुठेच नाही.