वाढदिवसाआधीचे पंधरा तास

टेक्सासात वकिलाचं वर्ष वाढदिवसाच्या हिशेबाने चालतं. ज्या महिन्यात जन्म, त्याच्या आदल्या महिन्याच्या अखेरीला पंधरा तासांचं शिक्षण पुरं झालेलं हवं, त्यातले तीन तास व्यावसायिक नीतीचे, असा स्टेट बारचा दंडक. माझा वाढदिवस मे महिन्यातला. त्यामुळे एप्रिल उजाडला की माझी धांदल. बाहेर रस्त्यांच्या कडेने ब्लूबॉनेटची निळाई पसरलेली असते, एखाद्या रात्री गारा झोडपून जातात आणि सकाळी गल्लीत छपरं तपासणाऱ्यांच्या गाड्या उभ्या राहतात. मी मात्र ओट्यावर लॅपटॉप ठेवून, एका कानात इअरफोन घालून, कुठल्याशा अपिलाच्या निकालावरचं व्याख्यान ऐकत पोहे भिजवत असते.

माझे वडील साताऱ्याला दिवाणी वकिली करायचे. त्यांच्या पक्षकारांचे बांध आणि वाटण्या पिढ्यान्‌पिढ्या त्याच, आणि त्यांची पुस्तकंही तीच, कडा झिजलेली. माझ्या वाट्याला आलेला इमिग्रेशनचा कायदा मात्र शुक्रवारी संध्याकाळी एक असतो आणि सोमवारी सकाळी दुसराच. याचं शिक्षण वर्षातून पंधरा तासांत उरकतं, असं ज्याला वाटत असेल त्याने 19 सप्टेंबर 2025 ची रात्र माझ्या गावी, टेक्सासातल्या फ्रिस्कोत, काढायला हवी होती.

त्या शुक्रवारी एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावर एक लाख डॉलरची रक्कम लावणारी घोषणा झाली. अंमल रविवार उजाडताच. रविवारी सर्वपित्री अमावास्या, पुढे नवरात्र. सुट्टी घेऊन गावी गेलेले कितीतरी. कंपन्यांनी कळवलं, जिथे असाल तिथून ताबडतोब परत या. फोन थांबेनात. मुंबईच्या विमानतळावरून एकजण विचारत होता, ‘ताई, चढू का नको?’ त्या क्षणी घोषणेचा मजकूर माझ्याइतकाच त्याच्याही मोबाइलवर होता, आणि त्यात नवे अर्ज की जुने व्हिसा, याचा उलगडा नव्हता. शनिवारी सरकारकडून खुलासा आला की हे फक्त नव्या अर्जांना लागू आहे. मधल्या तासांत आम्ही वकील एकमेकांना फोन करत होतो, परिच्छेद वाचून दाखवत होतो, ‘तू काय सांगते आहेस?’ असं विचारत होतो. त्या रात्रीचं प्रमाणपत्र कुणी दिलं नाही. पण ‘अजून स्पष्ट नाही, आणि जे स्पष्ट आहे ते एवढंच’ हे वाक्य आवाज न कापता कसं उच्चारायचं, ते मी तिथे शिकले.

वर्गात शिकायचं असतंच. जून 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने लोपर ब्राइट खटल्यात चाळीस वर्षांचा शेव्हरॉनचा सिद्धांत मोडीत काढला. कायद्यातली संदिग्ध जागा सरकारी खात्याने भरली की न्यायालयांनी मान तुकवायची, ही सवय गेली. तेव्हापासून प्रत्येक व्याख्यानात लोपर ब्राइट आहेच. 2010 च्या पडिल्ला निकालाने तर फौजदारी वकिलांनाही आमच्या वर्गात आणून बसवलं. गुन्हा कबूल केल्यास देशाबाहेर जावं लागू शकतं, हे अशिलाला सांगणं त्यांचं कर्तव्य ठरलं.

तरी मला ते तीन तास जास्त भिडतात, नीतीचे. कारण नीतीचे प्रश्न इथे गणपतीच्या आरतीनंतर, हातात प्रसादाचा द्रोण असताना येतात. ‘वहिनी, एकच मिनिट.’ ते मिनिट कधीच एका मिनिटाचं नसतं. कंपनीने नेमलेला वकील म्हणजे आपलाच वकील, अशी आपल्या मुलांची पक्की समजूत. खरं तर एकाच अर्जात वकील बहुतेक वेळा मालकाचाही असतो आणि कामगाराचाही. नोकरी बदलायचा विचार मनात असेल तर तो या वकिलापाशी बोलायचा की नाही? बोललं तर तो मालकापासून लपवता येईल का? वकिलाने ही गोष्ट पहिल्याच दिवशी लेखी समजावून सांगायला हवी. जो सांगत नाही त्याचं कायद्याचं ज्ञान कितीही अद्ययावत असो, मी त्याला कच्चाच म्हणेन.

आणि कागद. आय-797 नावाची मंजुरीची नोटीस येते, तिच्या खालच्या भागात आय-94 असतो, फाडून पासपोर्टसोबत ठेवायचा. एका घरी मुलाचे वडील सांगलीहून आले होते. त्यांनी मोठ्या मायेने सगळ्या नोटिसा लॅमिनेट करून आणल्या, खालचा भाग न फाडता, कोपरे गोल कापून. मी हसू आवरलं. पण त्यांच्या बोटांकडे बघताना कळलं की या घरात तो कागद सातबाऱ्यासारखा जपला जातोय. त्यानंतर कागद हातात देताना मी आधी त्याचं काय करायचं नाही ते सांगते.

नोकरीच्या वाटेने मिळणारी ग्रीन कार्डं वर्षाला साधारण 1,40,000, त्यात बायको-नवरा-मुलंही धरलेली, आणि कुठल्याही एका देशाला सात टक्क्यांची मर्यादा. म्हणून दर महिन्याच्या व्हिसा बुलेटिनमध्ये भारताच्या रकान्यातली तारीख दशकाहून मागे रेंगाळते. 2000 मध्ये फ्रिस्कोची वस्ती 33,714 होती, 2020 मध्ये 2,00,509. या भरतीतली किती घरं त्या रकान्याकडे डोळे लावून आहेत! मुलं इथे शाळेत जातात, कार्यसिद्धी हनुमानाच्या देवळात शनिवारी रांग लागते, आणि मूल एकवीस वर्षांचं झालं की ग्रीन कार्डाच्या रांगेतून बाहेर पडेल का, हा हिशेब आई मनातल्या मनात मांडत असते.

व्याख्यानांचा कंटाळा आला की मी सखाराम गणेश पंडितांच्या कहाणीकडे वळते. नावावरून सदाशिव पेठेतले वाटावेत, पण जन्म अहमदाबादचा. 1906 मध्ये अमेरिकेत आले, 1914 मध्ये नागरिक झाले, लॉस एंजेलिसमध्ये वकिली केली. अमेरिकी नागरिकत्वासाठी न्यायालयात लढलेल्या भगतसिंग थिंद यांच्या वकिलांमध्ये त्यांचं नाव घेतलं जातं. थिंद यांच्याच खटल्यात 1923 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं की भारतीय माणूस कायद्याच्या अर्थाने गोरा नाही, म्हणून नागरिक होऊ शकत नाही. मग सरकार खुद्द पंडितांच्या नागरिकत्वावर उठलं. हरलेला युक्तिवाद त्यांनी पुन्हा उगाळला नाही. वंशाचा प्रश्न बाजूला ठेवून ते म्हणाले, 1914 मध्ये न्यायालयाने माझं ऐकून निकाल दिला, सरकारने तेव्हा अपील केलं नाही, आणि त्या निकालावर विसंबून मी संसार उभा केला, वकिली उभी केली. आता तेच उकरून काढता येणार नाही. 1926 मध्ये अपिलाच्या न्यायालयाने ते मानलं, पुढच्या वर्षी सर्वोच्च न्यायालयाने सरकारची बाजू ऐकायला नकार दिला, आणि इतर भारतीयांवरचे तसे दावेही सरकारने सोडून दिले. एक वाट बंद झाल्यावर त्याच कायद्यात दुसरी शोधणं, याहून मोठं व्यावसायिक शिक्षण मला तरी ठाऊक नाही. भारतीयांना नागरिकत्वाचा रस्ता अमेरिकेच्या संसदेने खुला केला तो 1946 मध्ये, आणि इमिग्रेशन वकिलांची आजची राष्ट्रीय संघटनाही त्याच वर्षी जन्मली.

फ्रिस्कोत नव्याने आलेल्यांना माझं एवढंच सांगणं आहे. देवळात कुणी सुचवलं म्हणून वकील धरू नका. टेक्सास स्टेट बारच्या संकेतस्थळावर त्याचं नाव घालून परवाना चालू आहे का ते पाहा, आणि इमिग्रेशनमधलं बोर्डाचं विशेष प्रमाणपत्र आहे का तेही. ते परीक्षा दिल्याशिवाय मिळत नाही आणि दर पाच वर्षांनी नव्याने मिळवावं लागतं. मग समोर बसून विचारा, तुम्ही माझे वकील की कंपनीचे? उत्तर लेखी मागा.