१९.२ अंश पूर्व

अंतराळ म्हटलं की लोकांना रॉकेट आठवतं. उपग्रह-संदेशवहनात नोकरी केलेल्या मला आधी अर्ज आठवतात. विषुववृत्ताच्या ३५,७८६ किलोमीटर वर, भूस्थिर कक्षेत, उपग्रह कोणत्या रेखांशावर उभा राहणार आणि कोणत्या फ्रीक्वेन्सी वापरणार, याची नोंद जिनिव्हाच्या आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाकडे करावी लागते. कंपनीला ती परस्पर करता येत नाही. देशाची सही लागते. लक्झेंबर्ग गोव्याहून लहान, पण ही सही त्याच्याकडेही होती.

सत्तरच्या दशकात तिथला पोलाद उद्योग ढासळू लागला. पंतप्रधान पिएर वेर्नर यांना देशासाठी दुसरं काहीतरी हवं होतं. रेडिओ लक्झेंबर्गमुळे सीमेपलीकडच्या श्रोत्यांसाठी प्रसारण करायची सवय होतीच. १९८५ मध्ये एसईएस ही कंपनी निघाली. भांडवल मुख्यतः खासगी, पण सरकारचा वाटा आणि हमी तिच्या पाठीशी. फ्रान्सला हे मुळीच रुचलं नाही.

फ्रान्स आणि जर्मनी तेव्हा थेट प्रसारणासाठी आपापले भारदस्त उपग्रह बांधत होते. त्यांत २३० वॉटच्या प्रवर्धक नळ्या, वाहिन्या मात्र चार-पाच. एसईएसने अमेरिकी कारखान्यातला तयार घाटाचा, मध्यम शक्तीचा उपग्रह घेतला: ४५ वॉट, १६ ट्रान्सपॉन्डर, म्हणजे तितक्याच वाहिन्या. घरगुती रिसीव्हर एव्हाना इतके सुधारले होते, की पश्चिम युरोपच्या बऱ्याच भागात साठ सेंटिमीटरची डिश पुरत होती. ११ डिसेंबर १९८८ला अ‍ॅस्ट्रा १ए युरोपच्याच एरियान-४ने वर गेला आणि दोन महिन्यांत माध्यमसम्राट मर्डॉक यांचं स्काय टेलिव्हिजन त्यावरून दिसू लागलं.

माझ्या मते खरी हुशारी पुढेच आहे. नंतरचे उपग्रह त्यांनी त्याच १९.२ अंश पूर्वेवर, पहिल्याच्या शेजारी उभे केले. प्रेक्षकाला डिश हलवावी लागेना, वाहिन्या मात्र वाढत गेल्या. एका जागी अनेक उपग्रह एकमेकांना न धडकता नांदवायचे तर त्यांच्या कक्षा सतत मोजाव्या आणि सावराव्या लागतात. बेट्झडॉर्फला, ग्रँड ड्यूक घराण्याच्या जुन्या निवासस्थानी, हे काम शिकलेली माणसं तयार झाली. कमी कर पाहून कंपन्या येतात, तशा जातातही. हे कौशल्य मात्र तिथं मुरलं.

२००५ मध्ये देश युरोपीय अंतराळ संस्थेचा सदस्य झाला. तिथं भरलेल्या वर्गणीच्या प्रमाणात कामं आपल्याच उद्योगांकडे परततात, ही सोय छोट्यांना फार उपयोगी पडते.

मग २०१७चा कायदा आला. १९६७च्या अंतराळ करारानुसार चंद्रावर किंवा लघुग्रहावर कोणत्याही देशाला मालकी सांगता येत नाही. लक्झेंबर्गने म्हटलं, तिथून काढलेल्या खनिजावर मात्र कंपनीला हक्क मिळू शकतो. खोल समुद्र कुणाचा नसला तरी जाळ्यात आलेला मासा कोळ्याचाच. अमेरिकेने असा कायदा २०१५ मध्ये केला होता. युरोपात हा पहिला. करारातली संदिग्धता सोयीने वाचली आहे, असं मला वाटतं. पण छोट्या देशाने आणखी काय वाचावं?

पैसा बुडालाही. प्लॅनेटरी रिसोर्सेस या अमेरिकी कंपनीत सरकारने १.२ कोटी युरो घातले. २०१८ मध्ये ती कंपनीच विकली गेली आणि रक्कम गेली. आयस्पेस या जपानी कंपनीने लक्झेंबर्गमध्ये बांधलेली छोटी चांद्रगाडी जून २०२५ मध्ये उतरताना यानासकट आदळली. कायदा जागेवर आहे आणि २०१८ मध्येच सुरू झालेली देशाची अंतराळ संस्थाही.

एसईएसची डोकेदुखी वेगळी आहे. उपग्रहावरून टीव्ही पाहणारे घटताहेत, आणि खालच्या कक्षेत स्टारलिंकचे हजारो उपग्रह फिरताहेत. जुलै २०२५ मध्ये तिने इंटेलसॅट विकत घेतली. १९६४ मध्ये अमेरिकेच्या पुढाकाराने अनेक देशांनी मिळून उभारलेली ही संस्था पुढे कंपनी झाली होती. आमच्या धंद्यातले काहीजण या खरेदीला शहाणपण म्हणतात, काहीजण म्हणतात की दोन म्हाताऱ्यांनी एकमेकांचा हात धरला. मी अजून पहिल्या गटात आहे, कारण भूस्थिर जागांच्या नोंदी कालबाह्य झालेल्या नाहीत आणि इंटेलसॅटकडे त्या भरपूर होत्या.