घंटा, भिंती आणि बोली

मे महिना लागला, की नागपूरकरांची पावले पचमढीकडे किंवा चिखलदऱ्याकडे वळतात. ४५ अंशांच्या उन्हातून सुटका हवी तर डोंगरच गाठावा, हा आमच्याकडचा जुना शिरस्ता. एका उन्हाळ्यात आम्ही तो मोडला आणि मोटारीने समुद्राची वाट धरली. निमित्त होते घरातल्या आजींचे. त्यांचे माहेर उत्तर वसईतले. लग्न होऊन नागपुरास आल्याला साठ वर्षे झालेली. ‘किल्ल्यातली पडकी देवळे एकदा डोळे भरून पाहू द्या,’ एवढेच त्यांचे मागणे होते.

समृद्धी महामार्गामुळे नाशिकपर्यंतचा प्रवास एका दिवसाचा झाला आहे. तेथे गोदाकाठच्या नारोशंकर मंदिराची प्रसिद्ध घंटा पाहिली. ती मूळची चर्चमधील. तिच्यावर १७२१ हे साल आहे. १७३९ च्या मे महिन्यात चिमाजी आप्पांच्या फौजेने वसई जिंकली, तेव्हा विजयाची खूण म्हणून अशा घंटा देशावर आल्या. भीमाशंकरलाही एक आहे. ‘मग ही कोणाची म्हणायची?’ धाकट्याने विचारले. आजी म्हणाल्या, ‘वाजते ना अजून? मग झाले.’

वसईचा किल्ला आम्ही सकाळच्या उन्हात पाहिला. १५३४ च्या तहाने गुजरातच्या बहादुरशहाकडून वसई पोर्तुगीजांकडे गेली आणि दोनशे वर्षे त्यांच्या ताब्यात राहिली. येशूसंघीय, फ्रान्सिस्कन आणि डॉमिनिकन संघांनी या तटाच्या आत उभारलेल्या मंदिरांच्या भिंती आज आभाळाखाली उघड्या आहेत. छपरे गेली, कमानींवर झुडुपे उगवली. फ्रान्सिस्कनांच्या देवळात पायाखालच्या फरशा म्हणजे कोरीव अक्षरांच्या समाधिशिळा. मुले त्या चुकवीत चालली. वसईतच जन्मलेले गोन्सालो गार्सिया ५ फेब्रुवारी १५९७ रोजी जपानमधील नागासाकी येथे क्रुसावर हुतात्मा झाले आणि १८६२ मध्ये संतपदी पोहोचले. ते भारतात जन्मलेले पहिले संत. त्यांच्या नावाशी जोडलेल्या भिंतीला आजींनी हात लावला आणि तो कपाळी नेला.

खरे नवल मात्र दुपारी घडले. आजींच्या माहेरच्या अंगणात त्यांच्या वहिनी पुढे आल्या आणि आजी एकाएकी सामवेदीत बोलू लागल्या. शब्द आमच्या कानांना अर्धवट ओळखीचे, हेल अगदीच निराळा. नागपुरात कमी बोलणाऱ्या आजी इथे हसत होत्या, वाद घालीत होत्या, कोणाला तरी रागेही भरत होत्या. थोरलीने विचारले, ‘आजी, ही भाषा तुम्ही घरी का बोलत नाही?’ आजी म्हणाल्या, ‘कोणाशी बोलू गं?’ त्या प्रश्नाला आमच्यापैकी कोणीच उत्तर दिले नाही.

पुढे अलिबागवरून चौल-रेवदंड्याला उतरलो. पहिल्या शतकातील एका ग्रीक खलाशाने आपल्या सागरी वाटाड्या पुस्तकात या किनाऱ्यावरील सोपारा, कल्याण आणि चौल ही बंदरे नोंदवली आहेत. आज चौलला ती गलबते नाहीत. नारळी-पोफळीच्या वाड्या आहेत. रेवदंड्याच्या तटाआत ‘सातखणी’ म्हणून ओळखला जाणारा देवळाचा मनोरा एकटाच उभा आहे. संध्याकाळी वाळूत बसून कोकमाचे सरबत पिताना त्याची सावली लांबत गेलेली पाहिली.

कुंडलिकेवरील पूल ओलांडून साळावमार्गे दुसऱ्या दिवशी कोर्लईस गेलो. डोंगरावर १५९४ साली पोर्तुगीजांनी निजामशाहीकडून घेतलेला किल्ला, पायथ्याशी ख्रिस्ती वस्ती. १७४० मध्ये पोर्तुगीज सत्ता येथून गेली. परंतु तिच्या काळात येथे जन्मलेली पोर्तुगीज-मराठी मिश्रणाची बोली हे लोक आजही बोलतात. बोलणारे हजाराच्या आसपास. ते तिला ‘नॉ लिंग’, म्हणजे ‘आपली भाषा’, म्हणतात. कोणत्याही शाळेत ती शिकवीत नाहीत. एका अंगणात मासळी वाळत घालणाऱ्या बाईंना आम्ही विचारले, ‘मुलांना ही शिकवता कशी?’ त्या मराठीत म्हणाल्या, ‘शिकवायचे काय त्यात? आम्ही बोलतो, ती ऐकतात.’

वसईच्या तटांची डागडुजी पुरातत्त्व खात्याने करावयाची. त्यांचे दगड आपल्या हाती नाहीत. आजींच्या जिभेवरचा वारसा मात्र सर्वस्वी आपल्या हाती आहे. नागपूरच्या आपल्या धर्मग्रामांत वसईची, गोव्याची, केरळची, छोटा नागपूरची कुटुंबे एकाच बाकावर बसतात. इंग्रजी शाळेतून येते, हिंदी बाजारातून. ती दोन्ही येणारच, यावीतही. परंतु घरातील वडीलधाऱ्यांची बोली कोठून येणार? त्यांना ऐकणारा कान घरात असेल, तरच. ज्या आईने आपल्याला पहिली प्रार्थना शिकवली, तिला तिच्याच शब्दांत बोलण्यास घरात एकही माणूस नसावा, ही पडझड कोणत्याही तोफेने केलेली नाही.

परतीच्या वाटेवर घाट चढताना थोरलीने खिडकीबाहेर बोट दाखवून विचारले, ‘आजी, करवंदांना तुमच्यात काय म्हणतात?’ आजींनी सांगितले. तिने तो शब्द चुकीचा उच्चारला. आजींनी पुन्हा सांगितला; या खेपेस जरा मोठ्याने.