कँटरबरीची शाळा आणि माझ्या वर्गातला बाक



३ जानेवारीला वर्गात सावित्रीबाईंची गोष्ट सांगून झाली. तेव्हा चौथीतल्या एका मुलीनं विचारलं, "बाई, शिकवणाऱ्या बाईंना असा त्रास फक्त आपल्याकडंच झाला का हो?"

मला प्रुडन्स क्रँडल आठवल्या. डी.एड.ला त्या अभ्यासक्रमात नव्हत्या, नंतर वाचनात भेटल्या. मुलांना सांगितलेली त्यांची गोष्ट तुम्हालाही सांगते.

कनेक्टिकट हे अमेरिकेतलं एक छोटंसं राज्य. तिथल्या कँटरबरी गावात १८३१ मध्ये क्रँडलबाईंनी मुलींची शाळा सुरू केली. गावातल्या प्रतिष्ठित लोकांनीच त्यांना बोलावलं होतं. शाळा छान चालली. १८३२ मध्ये साराह हॅरिस नावाची मुलगी प्रवेश मागायला आली. शेतकऱ्याची लेक, कृष्णवर्णीय. तिला शिक्षिका होऊन आपल्या समाजातल्या मुलांना शिकवायचं होतं. बाईंनी तिला वर्गात घेतलं.

झालं! पालक म्हणाले, हिला काढा, नाहीतर आम्ही आमच्या मुली काढतो. बाईंनी साराहला काढलं नाही. उलट एप्रिल १८३३ पासून शाळा खास कृष्णवर्णीय मुलींसाठीच सुरू केली. लांबच्या शहरांतून मुली आल्या.

मग गाव उठलं. दुकानदारांनी सामान देणं बंद केलं. शाळेच्या विहिरीत घाण टाकली, तेव्हा बाईंचे वडील आपल्या शेतावरून पाणी आणून देऊ लागले. मे १८३३ मध्ये राज्यानं कायदाच केला : गावाच्या परवानगीशिवाय राज्याबाहेरच्या कृष्णवर्णीय मुलांना शिकवायचं नाही. बाईंना अटक झाली, एक रात्र तुरुंगात काढावी लागली. १८३४ मध्ये वरच्या कोर्टानं तांत्रिक कारणावरून शिक्षा रद्द केली. पण ९ सप्टेंबरच्या रात्री जमावानं शाळेवर हल्ला करून खिडक्या फोडल्या. मुलींच्या जिवाच्या काळजीनं बाईंनी शाळा बंद केली.

तो कायदा १८३८ मध्ये रद्द झाला. १८८६ मध्ये त्याच राज्यानं म्हाताऱ्या क्रँडलबाईंना वर्षाला ४०० डॉलर पेन्शन दिली. साराहनं पुढे आपल्या मुलीचं नाव प्रुडन्स ठेवलं.

गोष्ट संपली. वर्ग एकदम शांत. मी मात्र तिसऱ्या बाकाकडे बघत होते.

दिवाळीनंतर एक पालक येऊन हळूच म्हणाले होते, "मॅडम, आमच्या मुलीला त्या पालावरच्या मुलीशेजारी नका बसवू." मी वाद घातला नाही. दुसऱ्या दिवशी जागा बदलून टाकली. 'उगाच कशाला भांडण' असं मनाला समजावलं. त्या पालावरच्या मुलीनं काही विचारलं नाही. तेव्हापासून ती एकटीच बसते.

कँटरबरीतही सुरुवात जमावानं केली नव्हती. पालकांनीच केली होती, आणि तीही शब्दांनीच. फरक एवढाच, की तिथल्या बाई नाही म्हणाल्या.

त्याच दुपारी मी दोघींना परत एका बाकावर बसवलं. संध्याकाळी त्या पालकांच्या घरी गेले, चहा घेतला आणि जागा आता बदलणार नाही हे सांगून आले. ते नाराज आहेत. मुली मात्र डबा वाटून खातात.

तुमच्या वर्गात एकटं कोण बसतं? उद्या एकदा नक्की बघा.