कागजीपुऱ्याचा ताव, पडद्यावरचे पान

स्क्रॅपबुकचे पान मांडताना एकच अडचण सारखी आडवी येते: चिकटवलेले परत निघत नाही. फोटो, एसटीचे तिकीट, लग्नपत्रिकेचा कोपरा, आजीच्या लुगड्याच्या काठाचा तुकडा, काहीही एकदा खळीने कागदावर बसले की ते त्या कागदाचे होते. ओढले तर दोन्ही फाटतात. या चिकटवण्याचा त्रास मार्क ट्वेनसारख्या लेखकालाही इतका जाणवला, की त्यांनी आधीच गोंद लावलेल्या पानांची वही तयार करून १८७३ मध्ये तिचे पेटंट घेतले. गोंदाचा प्रश्न सुटला, जागेचा उरला. कुठले चित्र कुठे बसावे, हे ठरवण्यासाठी ते हलवून पाहायला हवे. संगणक नेमकी ही सोय देतो. पडद्यावर फोटो कितीही वेळा सरकवला तरी कागदावर डाग पडत नाही.

छत्रपती संभाजीनगरच्या परिसरात ही सोय अधिक मोलाची ठरते, कारण इथे हातकागद जवळच मिळतो आणि तो वाया घालवण्यासारखा नसतो. दौलताबाद आणि खुलताबाद यांच्या दरम्यान कागजीपुरा हे गाव आहे. महंमद तुघलकाने १३२७ मध्ये दिल्लीची राजधानी देवगिरीला, म्हणजे याच दौलताबादला आणली, तेव्हा तिच्याबरोबर कागद करणारे कारागीरही आले, असे परंपरा सांगते. गावाच्या नावातच त्यांचा धंदा आहे. सुती चिंध्या भिजवून, कुटून त्यांचा लगदा करायचा, तो पाण्यात मोकळा करून चाळणीसारख्या साच्यावर उचलायचा, पाणी निथळू द्यायचे, तावांची थप्पी दाबायची, मग एकेक ताव वाळवायचा आणि घोटून गुळगुळीत करायचा, अशी ही कृती आहे. साचा हलवणाऱ्या हाताचा वेग तावात उतरतो. म्हणून दोन ताव कधी तंतोतंत सारखे नसतात. कडा सुरीने कापल्यासारखी सरळ येत नाही. ती विरळ होत जाते, तिच्यात धागे दिसतात. ही कच्ची कड म्हणजे हातकागदाची ओळख. पानाचा आराखडा करताना तीच सर्वांत आधी सांभाळावी लागते.

आराखड्याची सुरुवात तावाच्या मापाने होते. हातकागदाचा ताव बहुधा २२ बाय ३० इंचांच्या आसपास असतो; तरी हातातला ताव पट्टीने मोजूनच पुढे जावे. जगभर स्क्रॅपबुकसाठी १२ इंचांचे चौरस पान रूढ आहे. या तावातून तशी दोनच पाने निघतात आणि उरलेल्याची कात्रणे होतात. १० इंचांचे पान धरले तर तेवढ्यातच सहा पाने बसतात: रुंदीत दोन, लांबीत तीन. २ इंच रुंदीची एक लांब पट्टी उरते. ही पट्टी कडेने कापली तर एका बाजूच्या पानांची लांब कच्ची कड तिच्याबरोबर जाते. मधोमध कापली तर सहाही पानांना एक तरी कच्ची कड राहते, कोपऱ्यांतल्या चार पानांना दोन. पट्टीही फुकट जात नाही. तिच्या १ इंच रुंद आणि १० इंच लांब अशा सहा पट्ट्या होतात. फोटो आणि कापड चिकटवल्यावर पाने जाड होतात, पण शिवणीकडे वही सपाटच राहते आणि मिटताना तोंड उघडते. प्रत्येक पानाच्या शिवणीपाशी एकेक पट्टी घातली की ही जाडी भरून निघते. असा अख्खा ताव कामी येतो. हे गणित पडद्यावर दहा मिनिटांत मांडता येते. कात्री चालवून ते शिकायला गेले तर ताव खर्ची पडतात.

यानंतर इंकस्केपसारख्या मोफत प्रोग्रॅममध्ये १० इंच चौरस पान उघडावे. प्रत्यक्ष तावाचा तुकडा स्कॅन करून सर्वांत खालच्या थरावर ठेवावा आणि कच्ची कड कुठल्या बाजूला आहे तेही त्यात दिसू द्यावे. पडद्याचा पांढरा उजेडाचा असतो, हातकागदाचा पांढरा सुताचा. त्यात किंचित पिवळसर झाक असते आणि तो भोवतीच्या रंगांना मऊ करतो. बीबी का मकबऱ्याचा फोटो शुभ्र पडद्यावर उठून दिसतो, पण या कागदावर त्याचे फिकट घुमट कडेशी विरून जातात; त्याच्यामागे गडद रंगाची चौकट लागते. वेरूळच्या कैलास लेण्याचे तसे नाही. काळ्या बेसाल्टचा तो डोंगर चौकटीशिवायही कागदावर ठाम उभा राहतो, मात्र त्याच्याभोवती मोकळी जागा सोडावी लागते. पैठणीच्या काठातला मोर किंवा हिमरूची बुट्टी यांचा रंग इतका भरगच्च असतो, की त्यांच्या शेजारी दुसरे कापड नको. थर वेगवेगळे ठेवले की हे सारे अंदाज एकेक करून पाहता येतात.

फोटोची मापे आधीच ठरवावीत. ३०० डीपीआयने छापायचा ४ बाय ६ इंचांचा फोटो निदान १२०० बाय १८०० पिक्सेलचा हवा. व्हॉट्सॲपवरून आलेली प्रत पुष्कळदा आकसलेली असते. मूळ फाइल मागून घ्यावी. जुना फोटो दुप्पट मोठा करायचा असेल तर ६०० डीपीआयने स्कॅन करावा. मोबाइलचा फोटो सहसा ४:३ या प्रमाणात असतो आणि ४ बाय ६ च्या छपाईचे प्रमाण ३:२ असते. ही काटछाट स्वतः केली नाही तर लॅबमध्ये होते, आणि मागच्या रांगेतल्या माणसाचे कपाळ जाते.

मजकुरासाठी कलमसारखा हस्ताक्षरी वळणाचा युनिकोड फाँट घेऊन जागा आखावी. देवनागरीत शिरोरेषेच्या वर वेलांट्या आणि खाली उकार येतात, म्हणून दोन ओळींत पुरेसे अंतर ठेवावे. मराठीत संग्रह हाताने उतरवण्याची जुनी रीत आहे; अभंग, आरत्या, पदे यांची बाडे अशीच पिढ्यान्‌पिढ्या लिहिली गेली. पानावर फाँटने आखलेल्या जागी शेवटी हातानेच लिहावे. माणसांची नावे, नाते, ठिकाण आणि साल एवढे तरी असावे. जुन्या तिकिटांवर आणि पाकिटांवर औरंगाबाद छापलेले असेल, २०२३ नंतरच्यांवर छत्रपती संभाजीनगर. जे छापले आहे ते तसेच राहू द्यावे. त्यातूनच त्या कागदाचा काळ कळतो.

आराखडा पुरा झाला की तो साध्या कागदावर मूळ मापात छापावा. ए४ ची रुंदी २१० मिलिमीटर, पान २५४ मिलिमीटरचे. म्हणून ए३ हवा. छापताना माप शंभर टक्के आहे ना, हे पाहावे. हा नकाशा हातकागदावर ठेवून प्रत्येक वस्तूच्या कोपऱ्याशी सुईने बारीक टोच मारावी आणि त्या खुणांवर वस्तू बसवाव्यात. हातकागद थेट प्रिंटरमध्ये घालू नये. त्याचे धागे आत सुटतात. ओल्या खळीने फोटो वळतो आणि इंकजेटची शाई फुटते. फोटोला कागदी कोपरे बरे. वर्तमानपत्राचा कागद लाकडाच्या लगद्याचा असतो. त्यातल्या लिग्निनमुळे तो पिवळा पडतो आणि शेजारच्यालाही डागतो. त्याची प्रत काढून ती लावावी.

बसवताना हात नकाशापासून थोडा सरकतोच, आणि सरकावा. तावातली एखादी दाट गाठ, कडेला सुटलेला धागा हे पडद्याला आधी ठाऊक नसते. त्या जागी फोटो अर्धा इंच हलवण्याचा निर्णय हाताचाच. पडद्यावरचा आराखडा मात्र तसाच उरतो. त्यावरून पुण्यातल्या भावाला किंवा परदेशातल्या लेकीला तेच पान पुन्हा करून देता येते, आणि ताव वेगळा असल्याने ते त्यांचे स्वतःचे पान होते. फाइल जपावी, पीडीएफ प्रतही ठेवावी, पण सगळा भार तिच्यावर टाकू नये. प्रोग्रॅम बदलतात, जुन्या फाइल उघडेनाशा होतात. सुताचा कागद ऊन आणि ओल यांपासून दूर ठेवला तर माणसाच्या आयुष्यापेक्षा जास्त टिकतो. म्हणून कोणाचे कोण, कुठे, केव्हा हे फाइलच्या नावात नव्हे, पानावर शाईने लिहिलेले असावे.