दुसरी वेलांटी

स्क्रॅबल हा खेळ शोधून काढणारा आल्फ्रेड बट्स हा अमेरिकन वास्तुरचनाकार. १९३०च्या दशकातल्या मंदीत हाताला काम राहिलं नाही, तेव्हा हा गृहस्थ वर्तमानपत्रांच्या पहिल्या पानांवरची अक्षरं मोजत बसला. कुठलं अक्षर किती वेळा येतं, त्यावरून सोंगट्या ठरल्या. ई तब्बल १२, एस मात्र चारच. एस सढळ हातानं दिला असता तर जो तो दुसऱ्याच्या शब्दाला अनेकवचनाचं शेपूट लावून गुण लाटत बसला असता. मला हा माणूस आवडतो. रिकामपणाचं इतकं सोनं करणं फार थोड्यांना जमतं.

बेंगळुरूत जयनगरला आमच्या घरी नातीची इंग्रजी स्पेलिंगं या खेळानं वळणावर आणली, हे मी डोळ्यांनी पाहिलं. लिहिताना आय आधी की ई, अशी शंका आली की मुलं दोहोंच्या मधलं काहीतरी गिचमिड काढून वेळ मारून नेतात. सोंगटीला गिचमिड करता येत नाही. ती एक तर आय असते, नाही तर ई. मात्र लावलेल्या शब्दाचा अर्थ विचारायचा, हा आमच्या घरचा नियम. नायजेल रिचर्ड्स हा न्यूझीलंडचा खेळाडू २०१५ साली फ्रेंच बोलता येत नसताना फ्रेंच स्क्रॅबलचा जगज्जेता झाला. त्याला साष्टांग नमस्कार, पण नातीनं तसं होऊ नये.

मराठीची गोष्ट वेगळी. आपल्या लिप्यांसाठी असा खेळ याच शहरातून आला. रजत धारिवाल आणि मधुमिता हलदर हे दोघं ऋषी व्हॅली शाळेत शिकवत. त्यांच्या बेंगळुरूच्या मॅडरॅट गेम्सनं ‘अक्षरित’ हा शब्दखेळ आधी हिंदीत आणला आणि मग इतर भारतीय भाषांत. आमचा संच मात्र घरगुती आहे. इथल्या लग्नपत्रिका चांगल्या जाड पुठ्ठ्याच्या असतात, त्या कापून केलेला. व्यंजनांचे चौकोन, अर्ध्या अक्षरांचे निमुळते तुकडे, वेलांट्यांच्या अरुंद पट्ट्या. पहिली वेलांटी उच्चारात व्यंजनानंतर येते आणि बसते मात्र त्याच्या आधी, हे नातीला पट्टी हातात घेतल्यावरच उमगलं.

खरी गंमत पुढे आहे. तिनं ‘विहीर’ लावली. मला ‘विहिरीत’ करायचं होतं. इंग्रजीत मी नुसती शेवटी सोंगटी चिकटवून मोकळी झाले असते. इथे मला मागे जाऊन तिची ‘ही’ची दुसरी वेलांटी उचलावी लागली आणि तिथे पहिली ठेवावी लागली.

“आजी, माझ्या शब्दाला हात नाही लावायचा!”

पण मराठी शब्दाला प्रत्यय लागला की तो आतूनही हलतो. मूल, मुलाला. फूल, फुलात. मराठी साहित्य महामंडळाचे लेखनविषयक नियम महाराष्ट्र शासनानं १९६२ साली मान्य केले, १९७२ साली त्यांत भर पडली. त्यांत हे सगळं नीट लिहिलेलं आहे आणि शाळेत मी ते घोकलंही होतं. उचललेल्या पट्टीइतकं ते कधी दिसलं नव्हतं.

शेजारची कन्नड मुलगीही आता आमच्यात खेळते. शाळेत हिंदी असल्यानं देवनागरी तिला येते. विशेषनामं चालत नाहीत, हा स्क्रॅबलचा कायदा आमच्याकडे कधीच मोडीत निघाला. परवा ‘बेंगळुरू’वरून दोघींची जुंपली. “अज्जी, ळू दीर्घ, रु ऱ्हस्व,” ती म्हणाली. कन्नड पाटीवर अगदी तसंच असतं. नात म्हणे, शेवटचं दीर्घ आणि त्याच्या आधीचं ऱ्हस्व. मराठीत ते तसंच. एकच गाव, दोन्ही उकार बरोबर उलटे, आणि दोघींचंही बरोबर. शेवटी दोघींनाही गुण देऊन टाकले.

तोडगा नातीनंच काढला: मागची वेलांटी किंवा उकार बदलणाऱ्याला दुप्पट गुण, पण कारण सांगता आलं नाही तर शून्य. तेव्हापासून मीच अडकते. ‘फूल’चा उकार दुसरा, मग ‘गुण’चा पहिला कसा? संस्कृतातून आला तसा ठेवला, म्हणजे तत्सम, हे माझं उत्तर. “कुठला शब्द कुठून आला ते आम्हाला कसं कळणार?” हा प्रतिप्रश्न ठरलेला, आणि तो रास्त आहे. तत्समाची अट घालणारी मंडळी आठ वर्षांच्या मुलीबरोबर कधी खेळायला बसली नसावीत.