पावती कुणाच्या नावाची?

मागच्या मे महिन्यात आमच्या अभ्यासिकेकडे दीड लाख रुपये चालून आले होते. ते आम्ही घेतले नाहीत. यावरून वस्तीत आम्हाला टोमणे मारणारे आजही आहेत, आणि दुपारी पत्रे तापले की कधीकधी आम्हालाही वाटते, चुकलो की काय? म्हणून झाले ते सगळे मांडतो.

अभ्यासिका उत्तर नागपुरात, कामठी रोडपासून चालत दहा मिनिटांवर. खाली बुद्ध विहार, वर तीस बाय अठराची एक खोली. टेबल-खुर्च्या एका बंद पडलेल्या शिकवणी वर्गाकडून स्वस्तात घेतलेल्या, पंखे चार, आणि डोक्यावर पंधरा वर्षांचे लोखंडी पत्रे. नागपूरचा मे महिना ज्याने काढला आहे त्याला पुढचे सांगायला नको. पारा पंचेचाळीसच्या वर गेला की त्या खोलीत पुस्तकाचे पान गरम लागते. तरी चौतीस पोरे-पोरी तिथे बसतात. कुणी पोलीस भरती, कुणी राज्यसेवा, दोघी नर्सिंगच्या, आणि बरेच असे की ज्यांच्या एका खोलीच्या घरात टीव्ही बंद करा म्हणायची सोय नाही. छत बदलून उष्णता रोखणारे पॅनेल टाकायचा खर्च फॅब्रिकेटरने दोन लाख दहा हजार सांगितला. आमच्या खात्यात त्या दिवशी नऊ हजार काहीतरी होते.

अशा वेळी शहरातल्या एका सेवाभावी क्लबचा निरोप आला. माणसे चांगली होती, बोलणे गोड होते. दीड लाख देतो म्हणाले. फक्त एक छोटासा कार्यक्रम. पश्चिम नागपुरातल्या एका हॉटेलात त्यांचे निधी-संकलनाचे स्नेहभोजन असते, तिथे आमची वीस मुले मंचावर यावीत, एका मुलीने 'आमची परिस्थिती' या विषयावर पाच मिनिटे बोलावे. अभ्यासिकेत येऊन एक व्हिडिओ काढणार, त्यात मुलांची घरेही दाखवणार. मागे फलक असेल, 'गरजू वस्तीतील विद्यार्थ्यांसाठी मदतीचा हात'.

आम्ही आठजण ही अभ्यासिका चालवतो. एक ई-रिक्षावाला, दोघे शिक्षक, एक महावितरणमध्ये कंत्राटी, एक अंगणवाडी सेविका, असे सगळे. आमच्यात त्या रात्री सरळ दोन तट पडले. अर्धे म्हणाले, पैशाला जात नसते, घ्या आणि छत टाका. पाच मिनिटांच्या भाषणाने कुणी मरत नाही. हा मुद्दा आम्ही हसण्यावारी नेणार नाही, कारण पोरे रोज घामाघूम होताना आम्हीही पाहतो. उरलेल्यांना ते खटकत होते, पण का खटकते हे धड सांगता येत नव्हते.

ते सांगितले एका मुलीने. पोलीस भरतीची तयारी करते, पहाटे पाचला मैदानावर धावते. ती म्हणाली, "माझ्या घराचा व्हिडिओ काढला तर मी उद्यापासून अभ्यासिकेत येणार नाही. आणि भरती झाल्यावर माझ्या ठाण्यातल्या कुणी तो पाहिला तर?" यावर उत्तर कुणाकडे होते? विषय तिथेच थांबायला हवा होता. पण थांबला नाही, कारण आमच्यापैकी एकाने २०२० ची आठवण काढली.

तो हिशोब आमच्याच माथ्यावरचा आहे, म्हणून लपवत नाही. २०२० ची भीमजयंती टाळेबंदीत आली. सगळ्यांनी घरातच वंदना घेतली, दारात दिवे लावले. जयंतीसाठी जमलेल्या वर्गणीतून आमच्या मंडळाने धान्याच्या पिशव्या वाटल्या. तांदूळ, डाळ, तेल, साबण. काम चांगलेच होते. पण प्रत्येक पिशवी देताना आम्ही फोटो काढला. देणारे तिघे हसताहेत, घेणाऱ्याने पिशवी छातीशी धरली आहे, आणि मागे बाबासाहेबांची तसबीर. ते सगळे फोटो आम्ही समाजमाध्यमांवर टाकले. त्यात एक गवंडीकाम करणारे काका होते. आयुष्यभर मंडळाला वर्गणी देणारा माणूस. एका वर्षी तर स्टेजचा चबुतरा फुकट बांधून दिलेला. नंतर कळले की त्यांच्या पोरीला वर्गातल्या मुलांनी तो फोटो पाठवून चिडवले. काका आम्हाला काही बोलले नाहीत. फक्त पुढची दोन वर्षे त्यांनी वर्गणी दिली नाही, आणि वर्गणीला गेले की दारातून पाणी विचारून परत पाठवायचे. आम्ही फोटो काढून टाकले, माफीही मागितली. पण फोटो मोबाईलवरून जातो, डोक्यातून जात नाही.

आम्ही समाजशास्त्रात एम.ए. करताना मार्सेल मॉस वाचला होता. भेटवस्तूवरचा त्याचा १९२५ चा प्रबंध परीक्षेपुरता पाठ केला. देणगी कधी फुकट नसते, ती परतफेड मागते, आणि ज्याला परतफेड करता येत नाही तो देणाऱ्यापेक्षा खालच्या पायरीवर जातो, असे त्याचे म्हणणे. परीक्षेत त्यावर मार्क मिळाले. अर्थ त्या काकांच्या दारात कळला. खरे तर आपल्या समाजाला हे कळायला फ्रान्सच्या विद्वानाची गरज नव्हती. आपल्या आजा-पणजांनी गावभर वेठ राबून दारोदार भाकरी मागितली. ती त्यांच्या कामाची मजुरी होती, पण द्यायची अशी की मजुरीची भीक व्हावी. शिळी, वरून टाकलेली. १९२७ साली महाडला बाबासाहेबांनी पाण्याचा हक्क सांगितला तेव्हा त्याच परिषदेत मेलेल्या जनावराचे मांस आणि उष्ट्या-शिळ्या तुकड्यांची सवय सोडा, असेही बजावले होते. पुढच्याच वर्षी महार वतनाच्या कायद्यात दुरुस्ती करण्यासाठी विधेयक आणले. भाकरी कमी झाली तर चालेल, पण ती कशी मिळते हे महत्त्वाचे, हा आपल्या चळवळीचा पाया आहे. मग 'गरजू' अशा फलकाखाली आमच्या मुलीने पाच मिनिटे आपली परिस्थिती सांगायची, हे नेमके काय होते?

याच शहरात याच्या उलट असलेली गोष्ट दरवर्षी घडते. अशोक विजयादशमीला दीक्षाभूमीकडे येणाऱ्या रस्त्यांवर भोजनदानाचे मंडप लागतात. मराठवाडा, तेलंगणा, उत्तर प्रदेश, कुठून कुठून लाखो लोक येतात. आमच्या वस्तीचाही एक मंडप असतो. घरटी एक किलो तांदूळ नाहीतर अर्धा लिटर तेल, ज्याला तेही नाही तो हात देतो. पहाटे तीनपासून बाया कणीक मळतात, आणि बटाटे चिरायला इंजिनिअर झालेली पोरेही बसतात. जेवायला आलेल्याला कुणी विचारत नाही, बाबा, तू गरजू आहेस का? चारचाकीतून उतरलेला अधिकारी आणि लातूरकडून रेल्वेने आलेली म्हातारी एकाच रांगेत पुरी-भाजी घेतात, आणि वाढणाराही वाढून झाले की त्याच रांगेत लागतो. उद्या आपण दुसऱ्या गावच्या विहारात गेलो तर तिथे असेच जेवू. मॉसची परतफेड इथेही आहे, पण ती फिरत राहते, कुणाच्या डोक्यावर बसत नाही.

आता याचेही गोडवे फार गाऊ नयेत. मंडपावर आजकाल अन्नापेक्षा नेत्याचा चेहरा मोठा असतो. प्लास्टिकचे ग्लास आणि उरलेले अन्न सफाई कामगार बांधव दुसऱ्या दिवशी उचलतात, आणि ते बांधव कोण असतात हे सांगायला नको. जयंतीच्या डीजेवर एका रात्रीत जेवढे उडते तेवढ्यात आमचे छत झाले असते, हे तर आम्ही बोलून बोलून थकलो.

तर त्या बैठकीत ठरले की क्लबला नम्रपणे कळवायचे: निधी द्यायचा असेल तर स्वागत आहे, पावती देऊ, छताचे बिल दाखवू, तुमच्या सदस्यांनी येऊन पोरांना शिकवावे, मंच, व्हिडिओ आणि फलक मात्र नको. त्यांचे उत्तर आले नाही. त्यांना वाईट म्हणणार नाही. त्यांच्याकडे देणग्या अशाच जमतात, तिकीट घेऊन जेवायला येणाऱ्याला काहीतरी दाखवावे लागते. प्रश्न एवढाच की, दाखवायला दरवेळी आपलीच पोरे का?

मग पैसा आणायचा कुठून? आम्ही वस्तीत फिरायला लागलो आणि तिथे आमचे खरे पितळ उघडे पडले. दहापैकी सहा घरी एकच वाक्य: "मागच्या जयंतीचा हिशोब कुठं आहे?" कुणी रागाने, कुणी हसत, पण विचारले सगळ्यांनी. तो हिशोब नव्हता. म्हणजे कुणी पैसे खाल्ले असे नाही, पण वही अर्धी भरलेली, पावत्यांची दोन पुस्तके गहाळ, आणि मंडपवाल्याला दिलेल्या पैशाचा कागदच नाही. बाहेरच्यांनी आमच्या गरिबीचे प्रदर्शन मांडू नये म्हणून आम्ही ताठ उभे राहिलो होतो आणि आपल्याच माणसांना साधा जमाखर्च दाखवायची सवय आम्हाला नव्हती. स्वाभिमान एका बाजूला ताठ आणि दुसऱ्या बाजूला गहाळ, असे कसे चालेल?

कायदा याबाबत स्पष्ट आहे. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम १९५० चा. त्याच्या कलम ४१ क प्रमाणे नोंदणी नसलेल्या मंडळालाही वर्गणी गोळा करायची तर धर्मादाय कार्यालयाची परवानगी लागते आणि नंतर हिशोब द्यावा लागतो. गणपती मंडळांना हे ठाऊक असते. आपल्याकडे 'घरचंच काम आहे' म्हणून सोडून देतात. बाबासाहेबांनी १५ ऑक्टोबर १९५६ ला याच नागपुरातल्या भाषणात प्रत्येकाने मिळकतीचा विसावा हिस्सा धम्मकार्याला द्यावा, असे सांगितले होते. विसावा हिस्सा मागायचा तर आधी एकूण मोजावे लागते, हे आम्ही विसरलो होतो.

आम्ही परवानगी काढली. विहाराच्या दाराशी एक काळा फळा टांगला. आषाढ पौर्णिमेला वर्षावास सुरू झाला; रोज संध्याकाळी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' ग्रंथाचे वाचन असायचे, आणि वाचन संपले की त्या दिवसाची जमा सगळ्यांसमोर मोजून फळ्यावर लिहायची. पहिल्या आठवड्यात फार काही आले नाही. लोक फळा वाचून निघून जायचे. मग एके दिवशी फळ्यावर आम्ही मागच्या जयंतीचाही सापडेल तेवढा जमाखर्च लिहिला आणि खाली लिहिले, 'चार हजार दोनशे रुपयांचा कागद सापडत नाही. ते आम्ही आठजण भरतो.' त्यानंतर चित्र पालटले. ई-रिक्षावाल्यांनी एका दिवसाचे भाडे दिले. अभ्यासिकेतून नोकरीला लागलेल्या एका पोराने पुण्याहून दहा हजार पाठवले आणि पावतीवर 'हप्ता पहिला' लिहा म्हणाला. ते गवंडी काका आले, पैसे न देता म्हणाले, "भिंतीचं काम निघालं तर मले सांगा." भिंतीचे काम निघालेच, खांब बसवायला. तीन दिवस त्यांनी केले. मजुरी घेतली नाही. फोटोही कुणी काढला नाही.

मध्ये कुणीतरी सुचवले, यंदा भोजनदान बंद ठेवून तो पैसा छताला लावू. बायांनी ते एका वाक्यात उडवले: "दुरून माणसं येऊन राहिली बाप्पा, त्याइले का उपाशी ठेवता?" मंडप लागला.

तीन महिन्यांत एक लाख सतरा हजार सहाशे चाळीस जमले. दीड लाखाला ते पुरे पडत नाही, हे आम्हाला टोमणे मारणारे बरोबरच सांगतात. नोव्हेंबरात अर्धेच छत बदलता आले. खर्च एक लाख एकतीस हजार. फॅब्रिकेटरचे तेरा हजार तीनशे साठ देणे आहे, ते फळ्यावर लाल खडूने लिहिले आहे. आता खोलीची पूर्वेची बाजू बरी, पश्चिमेची भट्टी. पोरांनी आपसात पाळ्या लावल्या आहेत. सकाळी जो गार बाजूला बसला त्याने दुपारी सरकायचे. पोलीस भरतीवाली पोरगी म्हणते, तिला गरम बाजूच बरी, झोप येत नाही. खरे बोलते की आम्हाला धीर देते, माहीत नाही.

एक गोष्ट राहिली. वस्तीत एक आजी आहेत, एकट्या. संजय गांधी निराधार योजनेचे महिन्याला दीड हजार येतात, तेही पुढे-मागे. त्यांनी बरोबर पंचाहत्तर रुपये आणून दिले. विसावा हिस्सा कुणाकडून तरी काढून घेतला होता. आमच्या कार्यकर्त्याने सवयीने पावती फाडली ती त्यांच्या वारलेल्या नवऱ्याच्या नावाने, आणि फळ्यावरही तेच नाव गेले. चार दिवसांनी नातीला घेऊन आजी फळ्यासमोर आल्या. नातीने वाचून दाखवले.

"ते तर मरून गेले," आजी म्हणाल्या. "पैसे म्या देल्ले. पावती माह्या नावाची फाड."

जुनी पावती रद्द करून दुसरी फाडली. फळ्यावरचे नाव आजींनी स्वतःच पदराने पुसले आणि नात लिहीपर्यंत तिथेच उभ्या राहिल्या.